शब्दसंग्रहाचं फोल्डर

८ जानेवारी २००९
कॉलेजला निघायच्या आधी अर्धा तास मोकळा होता म्हणून 'म' अक्षराची तपासणी पुढं न्यायला बसले. फोल्डर उघडेना. आमचं काम जिच्याकडं ठेवलंय त्या पुण्याच्या संस्थेची साइट उघडते, तिथलं आमच्या लायब्ररीचं पान येतं, शेजारची बाकी फोल्डरं दिसतात. फक्त 'सीमाभाग शब्दसंग्रह'वर क्लिक केलं की पांढरं पान. 'या फोल्डरसाठी आपल्याला परवानगी नाही.' पाच-सहा वेळा करून बघितलं. तेच.
वसूला फोन, काम आम्हा दोघींचं. तिचं व्यवस्थित चालतंय म्हणाली. "तुझ्या कॉम्प्युटरचं कायतरी असंल. बघू की."
लेक्चरला दहा मिनिटं उशीर झाला. शेवटच्या बाकावरच्या पोरी हसत होत्या.

९ जानेवारी
वसूनं स्टाफरूममध्ये चिठ्ठीवर काय काय करायचं ते लिहून दिलं. ब्राउझर बंद करून परत उघड. कुकीज पूस. पासवर्ड टाकताना कॅप्स लॉक बघ. सगळं केलं. परवानगी नाही.
माझं पुटपुटणं ऐकून हे म्हणाले, "त्या कॉम्प्युटरला कशाला शिव्या देतेस, त्यानं काय केलंय." दूध संघातून रिटायर झाल्यापासून यांना सगळ्यांची बाजू घ्यायची सवय लागली आहे.

१० जानेवारी
सकाळी लोडशेडिंग. राजारामपुरीतल्या कॅफेत गेले. तिथला कॉम्प्युटर वेगळा, लाइन वेगळी, पांढरं पान तेच. म्हणजे घरच्या कॉम्प्युटरचा दोष नाही. वसूला सांगितलं. "मग त्यांच्या सर्व्हरचं असंल. पुण्याला मेल टाकतो मी. तू डोकं खाऊन घेऊ नकोस."
बरं वाटलं. असलं सगळं तिनंच बघायचं हे पहिल्यापासून ठरलेलं. बायकांत बसून त्यांना बोलतं करायचं काम माझं, कारण माझं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं, घरात निम्मं कानडी. वसू राधानगरीकडची. तिला कानडी येत नाही. ती टेप सांभाळायची, कार्डं लावायची, एसटीत जागा धरायची. ९७ च्या दिवाळीच्या सुट्टीत पहिलं गाव केलं तेव्हा वाटलं होतं दोन वर्षांत संपेल. अकरा झाली.

१२ जानेवारी
वसू घरी आली. माझ्या खुर्चीत बसून तासभर खटपट. माझा पासवर्ड बदलला. मी जुना वाचून दाखवला तेव्हा म्हणाली, "आईचं नाव ठेवलंस व्हय." नवीन पासवर्डनंही उघडेना. मग तिनं 'चाचणी' नावाचं कोरं फोल्डर केलं, मला जोडलं. ते लगेच उघडलं. त्यात मी 'नमस्कार' एवढं लिहिलं, तिनं तिच्या नावानं आत जाऊन ते पुसलं. दोघी हसलो.
पोहे दोनदा घेतले तिनं. जाताना म्हणाली, आठ दिवस थांब, आपोआप सुटतात असले प्रॉब्लेम.

१४ जानेवारी
संक्रांत. स्टाफरूममध्ये वसूनं तिळाच्या वड्या आणलेल्या. वडीबरोबर चिठ्ठीही दिली. काही शब्दांचे अर्थ पक्के करून हवेत, तुझं फोल्डर बंद आहे तोवर मी भरून ठेवतो म्हणाली. चिठ्ठीवरच लिहून दिले. बुत्ती म्हणजे नुसता दहीभात नव्हे, शेतावर बांधून न्यायची शिदोरी. माडगं हुलग्याचं, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला. कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबर लावून खायचं काहीही.
दहा-बारा होते. उभ्याउभ्या दिले. हाताला वडीचा चिकटा, कागदावर डाग पडला.

१६ जानेवारी
दुपारभर एकच विचार. कॉम्प्युटर बरोबर. लाइन बरोबर. पासवर्ड बरोबर. 'चाचणी' उघडतं, म्हणजे सर्व्हरही बरोबर. मग राहिलं काय?
कॉरिडॉरमध्ये वसूला हेच विचारलं. एकदम तुटक बोलली. "शैला, मेल टाकलीय म्हटलं न्हवं. किती वेळा तेच तेच."
तिच्या मुलीच्या लग्नाचं चाललंय. त्याचा ताण असेल.

१९ जानेवारी
आज मीच पुण्याला फोन केला. मदत कक्षातली अनघा नावाची मुलगी, आवाजावरून पंचविशीची. गोड बोलणं.
"मॅडम, तुमच्या फोल्डरबद्दल आम्हाला मेल आलेली नाही."
म्हटलं, आठवड्यापूर्वी टाकली आहे. तिनं शोधलं. नाही.
मग काय काय करून झालंय ते सगळं सांगितलं. कुकीज, कॅफे, पासवर्ड. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, ही एरर नाहीये. सिस्टिम नीट चालतेय."
"मग मला का उघडत नाही?"
"यादीत तुमचं नाव नाहीये."
समजावून सांगितलं. लायब्ररीच्या वरच्या पातळीला माणसांची एक यादी असते, ती खालच्या सगळ्या फोल्डरांना आपोआप लागू होते. म्हणून बाकीची मला दिसतात. या एका फोल्डरची ती साखळी मुद्दाम तोडलेली आहे आणि त्याला वेगळी यादी लावली आहे. त्या यादीत एकच नाव आहे. "हे चुकून होत नाही मॅडम. तीन ठिकाणी 'हो' म्हणावं लागतं. पाच तारखेला दुपारी केलंय. कोणी केलं ते इथे दिसतं. वाचू का?"
नको म्हटलं. मग म्हटलं, वाचा.
तिनं वाचलं. डॉक्टर या पदवीसकट पूर्ण नाव. मी आभार मानले. फोन ठेवल्यावर बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत बसले होते.

२० जानेवारी
वसू समोरच्या टेबलावर पेपर तपासत होती. मध्येच म्हणाली, "उघडलं का गं?" नाही म्हटलं. "बघतो मी परत," म्हणाली.
पाच तारखेला नाव काढलं. बारा तारखेला माझ्या घरी येऊन माझा पासवर्ड बदलला. माझ्या आईचं नाव पुसलं. पोहे खाल्ले.

२१ जानेवारी
कपाट उपसलं. माझ्याकडं काय आहे? कार्डांचे डबे वसूकडं, टाइप करायला म्हणून दोन वर्षांपूर्वी दिले ते तिथंच. कॅसेटही तिच्याकडं, कारण आमच्या घराला ओल. एक सीडी सापडली, २००६ ची. लावली. जुन्या फॉन्टमधली अक्षरं, नुसते चौकोन आणि टिंबं. 'क' कुठला आणि 'ख' कुठला कळत नाही.
माझ्या हस्ताक्षरातलं एकही कार्ड या घरात नाही.

२५ जानेवारी, रविवार
घरात बसवेना. सकाळची गडहिंग्लज गाडी धरली, तिथून वडापच्या जीपनं गौरव्वाच्या गावी. निम्मे शब्द या एका म्हातारीचे. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, गाडी पुढं सरकेना.
गौरव्वा अंगणात शेंगा फोडत बसलेली. "बा यव्वा," ये बाई, म्हणून हात धरून शेजारी बसवलं. पहिलं वाक्य, "तब्येत कशी हाय आता?"
कशाची तब्येत?
"न्हाई, त्या बाई आलत्या की, तुमच्या जोडीच्या. फोटोवाला घिऊन. माझा फोटू काढला, जात्यापाशी बसवून. पुस्तकावर घालनार म्हनं. म्या इचारलं, आमच्या शैलाताई का न्हाई आल्या? तर म्हनाल्या, आजारी हाईत, झेपत न्हाई त्यास्नी आता."
कधी आलेल्या?
"मागच्या अमुशाच्या आधी."
म्हणजे डिसेंबरात. फोल्डरच्या आधी. मी तेव्हा ठणठणीत होते, तिच्याच शेजारी बसून पर्यवेक्षण करत होते.
गौरव्वाला काय सांगणार. बरी आहे म्हटलं. तिनं शेंगा पिशवीत भरून दिल्या. "पुस्तक झालं की वाचून दावा हं, मला काय येतंय वाचाया." एसटीत बसल्यावर रडू आलं. शेजारच्या बाईनं खिडकी उघडून दिली, तिला वाटलं गाडी लागली.

२६ जानेवारी
झेंडावंदन. वसू हिरव्या काठाच्या साडीत. फोटोसाठी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, खांद्यावर हात ठेवला. मी हात काढला नाही. का काढला नाही?

२७ जानेवारी
वसूच्या घरी गेले, न सांगता. दारातच म्हटलं, "पाच तारखेला माझं नाव तू काढलंस."
खोटं बोलली नाही, एवढं खरं. आत ये म्हणाली. हॉलमध्ये लग्नाच्या साड्या पसरलेल्या. त्या बाजूला सारून बसलो.
जे आठवतं ते लिहून ठेवते, नंतर माझ्या मनानंच बदलायला नको.
म्हणाली, "पुस्तक व्हायला पायजे शैला. तू हूच दिलं न्हाईस."
मी म्हटलं, अपुरं होतं.
"अकरा वर्षं अपुरंच हाय. दर वर्षी अजून एक गाव. अजून एक म्हातारी. ०४ ला प्रकाशक तयार हुता, तू नको म्हणालीस. ०६ ला पुण्याची लोकं म्हणाली छापू, तू म्हणालीस 'ह' राहिलाय. प्रपाठकाची मुलाखत मार्चात हाय. माझी शेवटची. तुला काय, तू अर्जच केला न्हाईस कधी."
"मग विचारायचं होतंस."
"विचारलं असतं तर न्हाय म्हणाली असतीस."
खरंच नाही म्हणाले असते.
मग विचारलं, पुस्तकावर नाव कुणाचं. ती साडीची घडी घालायला लागली. "संपादक मी. प्रस्तावनेत तुझं हाय. चांगला मोठा परिच्छेद हाय."
"आणि मी आजारी आहे?"
तिनं दुसरी साडी घडी घालायला ओढली.
"बारा तारखेला माझ्या घरी येऊन बसलीस. चिठ्ठ्या लिहून दिल्यास. कुकीज पूस, पासवर्ड बदल. हे का केलंस? सरळ सांगायचं."
घातलेली घडी तिनं मोडली, परत घातली. मग म्हणाली, "दर वेळी सांगायलाच येत हुतो. तुझं तोंड बघितलं की धीर हुईना."
तिची मुलगी चहा घेऊन आली. "मावशी, लग्नाला चार दिवस आधी यायचं हं." मी हो म्हटलं आणि चहा पिऊन निघाले.
एक शब्द मोठ्यानं बोललो नाही दोघीही. बाहेरच्याला वाटलं असतं साड्या बघायला आलेय.

२९ जानेवारी
यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाची बाजू घेतली नाही. मग म्हणाले, "तुझ्या ऑपरेशनच्या वेळी तीन आठवडे डबा तिनंच आणला होता."
मला माहीत आहे. तेच तर. परकी असती तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

३ फेब्रुवारी
पुण्याला तक्रार लिहायला घेतली. चार वेळा कागद बदलला. आधी अनघाला फोन केला, तक्रार कुणाच्या नावे करायची विचारायला. ती चाचरत म्हणाली, "मॅडम, संस्थेच्या करारावर फोल्डरचे मालक म्हणून एकच नाव आहे. कुणाला ठेवायचं, कुणाला काढायचं, ते मालक ठरवतात. आम्हाला त्यात हात घालता येत नाही."
करार आठवतो. ०७ च्या जूनमध्ये वसूनं दोन प्रती आणल्या होत्या, सहीसाठी दोन रेघा होत्या. मीच म्हटलं, तूच कर गं सही, मला हे फॉर्म कळत नाहीत. हसून म्हटलं होतं. तिनं त्या वेळी दोनदा विचारलं होतं, "नक्की न्हवं?"
तक्रारीचा कागद अजून टेबलावर आहे.

५ फेब्रुवारी
अनघाचाच फोन आला, कामाचा नसलेला. म्हणाली, "मला बोलायला नको, पण फोल्डरच्या इतिहासात तुमच्या नावाच्या नोंदी बघितल्या. पानंच्या पानं आहेत. त्या कुणाला पुसता येत नाहीत." तिला कळत असेल का, मला त्यानं किती बरं वाटलं. आणि त्याचा उपयोग काय, हेही तिला माहीत असेलच.

६ फेब्रुवारी
स्टाफरूममध्ये मी खिडकीजवळच्या टेबलावर बसायला लागले. कुणी विचारलं तर ऊन चांगलं येतं म्हणते. प्राचार्यांनी वसूचं अभिनंदन केलं, पुस्तक छपाईला जातंय म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. संस्कृतच्या देसाईबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि टाळ्या थांबवल्या.
वसूनं पेढा आणून टेबलावर ठेवला. घरी आणला. यांनी खाल्ला.

१० फेब्रुवारी
मेल आली, आपोआप येणारी. 'सीमाभाग शब्दसंग्रह या फोल्डरसाठी आपल्याला परवानगी देण्यात आली आहे.' खाली बारीक अक्षरात, वाचनासाठी.
म्हणजे बघायचं, हात लावायचा नाही. तिला वाटलं असेल, एवढं तरी द्यावं. का वाटलं, ते विचारायला मी जाणार नाही.
उघडलं नाही. आज नाही उघडणार.

११ फेब्रुवारी
उघडलं. 'अ'पासून सुरू केलं. ती काम चांगलं करते, हे नाकारता येत नाही. एकसारखं टाइप, गावांची नावं बरोबर, क्रम बरोबर. मी दिलेले अर्थ शब्दाला शब्द. 'बुत्ती' माझ्याच वाक्यात. संकलकाच्या रकान्यात सगळीकडं तिचं नाव. गौरव्वाचं नाव मात्र प्रत्येक ठिकाणी नीट ठेवलंय, आडनाव, गाव, वय. ते बघून राग कमी व्हायला हवा होता. वाढला.
दुपारी देसाईबाई म्हणाल्या, सोमवारी छपाई सुरू होतेय, शाहूपुरीतल्या प्रेसमध्ये.

१२ फेब्रुवारी
'त' वाचत होते. एका नोंदीपाशी थांबले.
तंगी: थोरली बहीण. वापर: 'तंगीला कडेवर घिऊन म्या पान्याला जायची.' सांगणार, गौरव्वा.
तंगी म्हणजे धाकटी बहीण. कानडी घरात लहान पोरालाही कळतं. थोरल्या बहिणीला कडेवर कोण घेतं. गौरव्वाची ही बहीण पाचव्या वर्षी तापानं गेली. हे वाक्य सांगताना म्हातारी थांबली होती, वसूनं टेप बंद केली होती. सगळी कार्डं माझ्या हातची, म्हणजे या कार्डावर अर्थाची ओळ मीच कोरी सोडलेली असणार. तंगीचा अर्थ लिहायची गरज मला कधी वाटलीच नाही. वसूनं अंदाजानं भरला. चिठ्ठीवर विचारला नाही, कारण तिला वाटलं असेल, हा तर येतो आपल्याला.
आणखी किती असतील? 'द'मध्ये एक सापडली. 'न'मध्ये दोन. हात आपोआप खोडायला गेला. पडद्यावर आलं, 'आपल्याला बदल करण्याची परवानगी नाही. परवानगी हवी असल्यास कारण लिहा.' खाली लहान चौकोन.
यांना दाखवलं. म्हणाले, "जाऊ दे छापून. कानडी माणूस पहिल्या दिवशी चूक काढेल, मुलाखतीत कुणी विचारलं तर बसेल उत्तर देत."
हा विचार त्यांच्याआधी माझ्या मनात आला होता. किती वेळ होता तेही मला माहीत आहे.
पण पुस्तकावर फोटो गौरव्वाचा. वाक्य गौरव्वाचं. कुणीतरी हसणार ते तिला हसणार.
दुरुस्त केलं तर पुस्तक चांगलं होतं, आणि ते वसूचं पुस्तक आहे.
चौकोनात लिहिलं, 'तंगी म्हणजे धाकटी. थोरलीला अक्का. आणखी चुका आहेत, सोमवारच्या आत बघाव्या लागतील. शैलजा.' मग 'शैलजा' खोडून 'शैला' लिहिलं. मग तेही खोडलं.
'पाठवा' दाबलेलं नाही. हे जेवायला हाक मारतायत. पान तसंच उघडं ठेवून उठतेय.